चॉकलेट चांगलं, डबा वासाचा: सोलापुरातल्या एका घरगुती व्यवसायाच्या पॅकिंगचं प्रकरण

2023 च्या भाऊबीजेला सकाळीच वहिनीला फोन आला. दिवाळी भेट म्हणून 150 डबे घेतलेल्या पतसंस्थेतल्या बाई बोलत होत्या. आवाजात राग नव्हता, संकोच होता. "ताई, चॉकलेट दिसायला फार छान आहे हो. पण खाताना नव्या वहीचा वास येतोय."

वहिनीनं घरात उरलेला एक डबा उघडला, नाकाशी नेला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. कोऱ्या वहीची पानं फडफडवली की येतो, तोच वास. त्याखाली कुठंतरी कोको. शेंगदाण्याचं सारण भरलेला एक तुकडा तोंडात टाकला, तर गिळून झाल्यावरही जिभेवर छापखाना उरला.

मी तिचा धाकटा दीर. चॉकलेट ती करते, हिशेब आणि खरेदी मी बघतो. म्हणजे तो डबा निवडणारा मीच. पुढं वर्षभर आम्ही पॅकिंगच्या मागं लागलो. त्यात जे कळलं ते सविस्तर लिहितोय, कारण घरून चॉकलेट करणाऱ्या बहुतेकांना चवीबद्दल भरपूर सांगितलं जातं आणि डब्याबद्दल फक्त "कुठं स्वस्त मिळतो" एवढंच.

व्यवसाय लहान आहे. जुळे सोलापुरात घराच्या मागच्या खोलीत दोन टेबलं, एक एसी, एक फ्रीज. सुरुवातीला ती कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतीजन्य चरबी घातलेली तयार वडी, वितळवून मुलांच्या वाढदिवसाची चॉकलेटं करायची. नंतर कोको बटर असलेल्या खऱ्या चॉकलेटकडे वळली, टेम्परिंग शिकली, म्हणजे वितळलेलं चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेऊन चकचकीत आणि कडक जमवणं. शेंगदाण्याचं सारण आणि ज्वारीच्या लाह्यांचा कुरकुरीत थर या तिच्या दोन वस्तूंना मागणी आहे. शेंगा चटणीच्या गावात शेंगदाण्याचं चॉकलेट चालणारच. अन्नसुरक्षेची नोंदणी होती. त्या वेळी वर्षाच्या 12 लाखांच्या उलाढालीपर्यंत ती पुरेशी होती. बारा तुकड्यांचा, 144 ग्रॅमचा डबा ही मुख्य वस्तू.

दिवाळीआधी दोन भाव हातात होते. बाहेरगावचा एक पुरवठादार चार रंगांत छापलेला, वर चकचकीत लॅमिनेशन केलेला डबा 14 रुपये 50 पैशांना देत होता, पण किमान हजार नग. गावातल्या एका प्रेसनं 300 नगांचा भाव 22 रुपये सांगितला, वर डायचे, म्हणजे डबा कापायच्या साच्याचे, 1,800 वेगळे. मी 14.50 आणि 22 हे दोन आकडे शेजारी ठेवले आणि पाच मिनिटांत निर्णय घेतला.

आता तोच हिशेब खरा मांडतो. हजार डब्यांचे 14,500, वाहतुकीचे 1,200, एकूण 15,700. त्यांतले भरले गेले 320. उरलेले 680 पुढं कधीच वापरता आले नाहीत. का, ते खाली येईलच. म्हणजे वापरलेला प्रत्येक डबा 49 रुपयांना पडला. गावातले 300 घेतले असते तर डाय धरून 8,400, म्हणजे नगाला 28 रुपये, आणि डाय पुढच्या वेळेला शिल्लक. शिवाय पतसंस्थेला आम्ही दीडशेच्या दीडशे डबे पुन्हा भरून दिले, साध्या पांढऱ्या डब्यात बटर पेपर घालून. नुसत्या कच्च्या मालाचे 95 रुपये धरले तरी 14,250 झाले. डब्यांच्या बिलाएवढीच रक्कम. लहान धंद्यात नगाचा भाव बघू नये असं मी म्हणत नाही, पण "यांतले किती खरोखर भरले जातील" हा आकडा भावाच्या आधी लिहायला हवा होता.

वास कुठून आला

पूर्व भागात लग्नपत्रिका छापणारे एक काका आहेत. तेच 22 रुपयेवाले. वहिनी डबा घेऊन त्यांच्याकडं गेली. त्यांनी छपाईकडं पाहिलंसुद्धा नाही, झाकण उलटं केलं. "मागनं राखाडी आहे की ओ ताई. हे बुटाला चालतंय, साबणाला चालतंय. तोंडात जायच्या वस्तूला कशाला घेतलात?"

राखाडी पाठीचा डुप्लेक्स बोर्ड, म्हणजे एका बाजूनं पांढरा पुठ्ठा, रद्दीपासून बनतो. त्या रद्दीत वर्तमानपत्रं असतात, जुनी खोकी असतात, आणि त्यांच्या शाईतले तेलकट अंश लगद्यातून पूर्ण जात नाहीत. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नका असं अन्नसुरक्षा प्राधिकरण बजावतं, त्यामागं हीच शाई आहे. त्यात आमचे डबे छापून, लॅमिनेशन होऊन लगेच गठ्ठ्यांत बांधून निघाले होते. शाई आणि डिंकातल्या द्रावकाला उडून जायला वेळच मिळाला नव्हता. आम्ही गठ्ठे फोडले, डबे भरले, झाकणं लावली आणि तो वास आत कोंडला.

आणि आत होतं चॉकलेट. चरबी वास ओढते, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. लोणी फ्रीजमध्ये कांद्याशेजारी ठेवलं की काय होतं ते कुणाला सांगावं लागत नाही. चॉकलेटचा बराच भाग कोको बटर, म्हणजे चरबीच. वहिनी स्वयंपाकघरात फोडणी चालू असताना मागच्या खोलीचं दार उघडू देत नाही. एवढी काळजी घेणाऱ्या बाईच्या हातात मी तो डबा दिला, याचं मला आजही वाईट वाटतं.

2018 च्या पॅकेजिंग नियमांनुसार छापील बाजू खाद्यपदार्थाला थेट लागता कामा नये, आणि खाण्याच्या वेष्टनासाठी वापरायच्या शाईला आयएस 15495 हे भारतीय मानक आहे. आमच्या डब्याची छपाई बाहेरच्या बाजूला होती, म्हणून मी निश्चिंत होतो. पण वासाला बाजू नसते. उघड्या ट्रेवर फक्त झाकण, मध्ये काही नाही.

पुढच्या खेपेला काकांच्या शब्दावरही थांबायचं नाही, असं वहिनीनं ठरवलं. तिनं बरण्यांची परीक्षा सुरू केली. पॅकिंग उद्योगात हिला रॉबिन्सन चाचणी म्हणतात आणि ती घरी करता येते. काचेच्या तीन बरण्या सोड्यानं धुऊन, उन्हात वाळवून, झाकणासकट हुंगून घ्यायच्या. प्रत्येकीत एका छोट्या वाटीत किसलेलं मिल्क चॉकलेट. एकीत नुसतं चॉकलेट. दुसरीत जुन्या डब्याच्या पट्ट्या, तिसरीत काकांनी दिलेल्या पांढऱ्या बोर्डाच्या पट्ट्या. पट्टी चॉकलेटला लागता कामा नये, फक्त हवा एकच हवी. झाकण घट्ट लावून 48 तास अंधाऱ्या कपाटात. मग चाखणाऱ्यासमोर तीन चमचे ठेवायचे, दोन एकाच बरणीतले आणि एक वेगळ्या बरणीतला, आणि वेगळा कुठला ते विचारायचं. कुठल्या चमच्यात काय आहे ते चाखणाऱ्याला सांगायचं नाही.

आम्ही सहा जणांना बसवलं. सासूबाई म्हणजे माझी आई, शेजारची दोन मुलं, दादा, मी आणि दूध घालणारे मामा. जुन्या बोर्डाचा चमचा सहापैकी पाच जणांनी पहिल्याच फेरीत ओळखला. चुकलो तो मी. पांढऱ्या बोर्डाचा एकालाच ओळखता आला, आणि तोही अंदाजानं, असं त्यानंच सांगितलं. खर्च काय झाला, तर मूठभर चॉकलेट.

काकांचा पांढरा बोर्ड म्हणजे 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा), दोन्ही बाजूंनी पांढरा, नव्या लगद्याचा. किलोला महाग. पण छपाईची जागा कमी केली की शाईही कमी, म्हणून चार रंगांऐवजी एकाच गडद तपकिरी रंगात नाव आणि एक नक्षी, तेही फक्त झाकणावर. लॅमिनेशन काढून टाकलं. छापून झाल्यावर डबे न चिकटवता आठ दिवस पंख्याखाली सुटे ठेवायचे, ही अट वहिनीनं घातली. काका आधी कुरकुरले, जागा अडते म्हणून. लग्नसराई संपल्यावर काम दिलं तर ठेवतो, असं ठरलं. तेव्हापासून दिवाळीचे डबे ती पावसाळ्यातच छापून घेते.

सात मिलिमीटर

बोर्ड महाग, तरी डबा 22 रुपयांतच बसला. त्याचं श्रेय काकांच्या फूटपट्टीला.

जुना डबा 35 मिमी उंच होता. तुकडा जेमतेम 18 मिमीचा. मोकळ्या उंचीत तुकडे उडायचे आणि कोपरे झडायचे, ही तक्रार वासाच्या गडबडीत बाजूलाच राहिली होती. ट्रे 165 बाय 125 चा. काकांनी उंची 28 केली आणि उलगडलेल्या डब्याचा आकार शीटवर मांडून दाखवला. 25 बाय 36 इंची शीट त्यांच्या मशीनवर अर्धी कापून जाते. जुन्या उंचीत अर्ध्या शीटवर चार नग बसत होते, नव्या उंचीत सहा. एका डब्याला तळ आणि झाकण मिळून दोन नग; 300 डब्यांना 600 नग. म्हणजे 75 शीटऐवजी 50, वेस्टेज वेगळं. सात मिलिमीटरनं एक तृतीयांश कागद वाचला. डिझाइन करून देणाऱ्यानं संगणकावर सुंदर डबा काढला होता, पण शीट केवढी आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, मीही नाही.

मापाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आतलं माप सांगताय का बाहेरलं?" आम्ही ट्रेचं माप सांगत होतो. ट्रे आत सहज बसायला चारी बाजूंनी थोडी सूट लागते, आणि झाकण तळावर बसायला आणखी थोडी. त्यांनी आधी कोऱ्या बोर्डाचा हातानं कापलेला नमुना करून दिला. त्यात ट्रे ठेवला, तुकडे भरले, झाकण लावून हलवलं. आवाज आला नाही तेव्हा डाय करायला दिली.

किंमत छापल्याचा फटका

उरलेले 680 डबे आत अस्तर लावून वापरता आले असते, असं कुणालाही वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. ग्लासीन, म्हणजे तेल न शोषणाऱ्या गुळगुळीत कागदाचं अस्तर आणि प्रत्येक तुकड्याला कागदी वाटी, असा विचार चालू असतानाच कोकोचा भाव सुटला.

आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोन देश मिळून जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात. तिथली पिकं पाऊस आणि रोगांमुळं बसली. एक वर्ष आधी न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात टनाला 3,000 डॉलरच्या आत असलेला कोको मार्च 2024 मध्ये पहिल्यांदाच 10,000 डॉलरच्या वर गेला. जुळे सोलापुरातल्या मागच्या खोलीपर्यंत तो भाव पोचायला फार दिवस लागले नाहीत. 360 रुपयांना डबा देणं अशक्य झालं, 420 करावेच लागले.

आणि जुन्या डब्यावर 360 छापलेलं होतं. वेष्टनावर छापलेली माहिती बदलण्यासाठी वर स्टिकर चिकटवायला वजनमाप कायद्याच्या नियमांत परवानगी नाही. किंमत कमी करायची असेल तरच स्टिकर चालतो, आणि तोही मूळ किंमत न झाकता. वाढवण्यासाठी नाही. हा नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे आणि योग्यच आहे. चूक किंमत डब्यावर छापण्यात होती.

तो डबा नीट वाचायला घेतला तेव्हा बाकीच्या चुकाही दिसल्या. घटक पदार्थांची एकच यादी सगळ्या चवींसाठी छापलेली. वजनाच्या उतरत्या क्रमानं ती असायला हवी, ते नव्हतं. शेंगदाणा, दूध आणि सोया लेसिथिन यांचा ॲलर्जीच्या सूचनेत उल्लेख नव्हता. शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. शेंगदाण्याचं चॉकलेट विकणाऱ्याच्या डब्यावर ती ओळ नसणं ही माझ्या मते वासापेक्षा मोठी चूक होती. कुणाला त्रास झाला नाही हे आमचं नशीब. शाकाहाराचं हिरवं चिन्हही लहान होतं. दर्शनी भाग 100 ते 500 चौरस सेंटिमीटर असेल तर आतला ठिपका किमान 4 मिमी व्यासाचा लागतो, आमचा दोनचा होता.

आता डब्यावर फक्त नाव आहे. बाकी सगळं तळाच्या एका लेबलवर: घटक, ॲलर्जी, 100 ग्रॅममागं पोषणमूल्यं, निव्वळ वजन, बॅच, तयार केल्याची आणि वापराची शेवटची तारीख, पत्ता, तक्रारीसाठी फोन, नोंदणीचा 14 अंकी क्रमांक, किंमत 420 आणि तिच्याखाली प्रति ग्रॅम 2.92. लेबलं शंभर-शंभरनं छापतो. भाव बदलला तर पुढच्या शंभरावर नवा. डबा कोरा राहतो, म्हणून तो राखीलाही चालतो, दिवाळीलाही, गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांना द्यायलाही.

मिठाईच्या डब्यांभोवती गुंडाळायचं प्लास्टिक 1 जुलै 2022 पासून बंद आहे. जुना पुरवठादार ते सोबत देत होता आणि आम्ही न विचारता वापरतही होतो. त्याऐवजी आता कागदाची रुंद पट्टी आणि तिच्या जोडावर गोल सील. आत चॉकलेटवर एक ग्लासीन कागद. तेवढं पुरतं.

उन्हाळा

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं, मिल्क चॉकलेट त्याच्याही आधी मऊ पडतं. कितीही चांगला पुठ्ठा घेतला तरी या दोन आकड्यांमधलं अंतर पुठ्ठ्यानं भरून निघत नाही. तरी लग्नाच्या ऑर्डरी याच महिन्यांत येतात.

वहिनीनं स्वयंपाकाचा सुईवाला थर्मामीटर डब्यात खोवून, तो खोक्यात घालून, एप्रिलच्या दुपारी व्हरांड्यात ठेवला आणि दर अर्ध्या तासानं वहीत आकडा लिहिला. सुरुवात 20 अंशांवर. नुसत्या कोरुगेटेड, म्हणजे नालीदार पुठ्ठ्याच्या खोक्यात पाऊण तासाच्या आत 30 पार. फॉइल-बबलचं अस्तर आणि गोठवलेल्या दोन जेल पिशव्या घातल्यावर तोच आकडा गाठायला जवळजवळ पाच तास लागले. पण खोकं उघडलं तर डबा ओला. थंड पिशवीवर हवेतलं पाणी धरलं होतं, आणि ते चॉकलेटवर पडलं की साखर विरघळते, सुकल्यावर वर पांढरट खरखरीत थर येतो. ग्राहकाला ती बुरशी वाटते.

उपाय आईनं सुचवला. "जेलला नॅपकिनात गुंडाळ की." टॉवेलच्या गावात राहून आम्हाला ते सुचलं नव्हतं. टेरीचा छोटा नॅपकिन जेलभोवती गुंडाळला की पाणी तो पितो, गारवाही हळूहळू सुटतो. फक्त नव्या नॅपकिनला कांजीचा वास असतो, म्हणून आधी दोनदा धुऊन, वाळवून. डबा वेगळ्या झिपच्या पिशवीत. नॅपकिन ग्राहकाकडंच राहतो. पुण्याच्या एका बाईंनी पुढच्या वेळी दोन घाला म्हणून कळवलं.

तरी पाच तास म्हणजे कुरिअर नव्हे. पुणे अडीचशे किलोमीटरवर असलं तरी पार्सल मध्ये कुठल्या गोदामाच्या पत्र्याखाली किती वेळ पडेल ते आपल्या हातात नसतं. म्हणून 1 एप्रिल ते 15 जून कुरिअर बंद. ओळखीचं कुणी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं निघालं तर हातात देतो. गावातल्या लग्नाला दादा स्वतः संध्याकाळी पोचवतो. ऑर्डरी नाकाराव्या लागतात. मला ते जड जातं, वहिनीला नाही.

ट्रे मात्र अजून सुटलेला नाही. बारा खणांचा प्लास्टिकचा ट्रे गावात हव्या त्या मापात मिळत नाही, पुण्याच्या रविवार पेठेतून, बोहरी आळीतून आणावा लागतो, आणि प्रत्येक खेपेला खणाचं माप मिलिमीटरभर इकडं-तिकडं होतं. काका त्याच पांढऱ्या बोर्डाच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांचे खण करून द्यायला तयार आहेत. पहिल्या नमुन्यात पट्टीच्या कापलेल्या कडेचा भुसा चॉकलेटवर पडला. दुसऱ्यात कडा ठीक होत्या, पण पट्ट्या बसवायला डब्यामागं चार मिनिटं लागली; 300 डब्यांचे वीस तास. तिसरा नमुना काल आला. त्याच्या पट्ट्या सध्या बरणीत आहेत, कपाटात, उद्या संध्याकाळी 48 तास होतील.